मराठी पाच

दबोरा साळवेनं कंपनीचं ॲप मराठीत आणलं, त्या संध्याकाळी ती शिक्रापूरहून शिरूरला घरी जाताना पेढे घेऊन गेली. वडिलांना वाटलं, पगार वाढला.

"नाही हो पप्पा," ती म्हणाली, "आता कोंबडीवाल्यांना इंग्रजी वाचावं लागणार नाही."

वडील म्हणजे शलमोन साळवे, एसटीचे निवृत्त कंडक्टर. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "हेही चांगलंच की."

दबोराची कंपनी अगदीच छोटी होती. हायवेपासून आत, एका गोडाऊनच्या वरच्या मजल्यावर. तिथं पोल्ट्रीच्या शेडसाठी कंट्रोलर बनायचे. भिंतीला लावायची करड्या रंगाची एक पेटी. शेडमध्ये किती गरम होतंय ते बघून पंखे आणि पाण्याचे फवारे आपोआप चालू-बंद करायचे, एवढंच तिचं काम. शेतकरी तिला 'डबा' म्हणत, आणि हळूहळू कंपनीतली माणसंही डबाच म्हणायला लागली होती. डब्यानं काय करायचं, ते मोबाईलवरून सांगायचं. शेड किती गरम हवं, पंखे दर किती मिनिटांनी लावायचे, किती वेळ चालवायचे. हे सगळे शब्द आधी इंग्रजीत होते. दबोरानं ते एकेक करून मराठीत आणले, आणि पुस्तकी मराठीत नाही, शेडवर जशी माणसं बोलतात तसे. मालक बबनराव शितोळे यांनी ते वाचून पाहिलं आणि खूश होऊन म्हणाले, "हे आमच्या म्हातारीलाबी कळंल."

डबा आतून चालवणारा प्रोग्रॅम मात्र जुनाच होता. तो कंपनीच्या सुरुवातीच्या दिवसांत कुणीतरी लिहिला होता, तो माणूस कधीच सोडून गेला होता, आणि चालतंय म्हटल्यावर त्याला कुणी हात लावला नव्हता. दबोरानंही नाही.

एप्रिलात दौंड तालुक्यातल्या खुटबावला गिताबाईंनी त्यांच्या शेडवर हे मराठी ॲप उघडलं. गिताबाई चाळिशीच्या आतबाहेरच्या. त्यांच्या सासऱ्यांनी, गेणबांनी, अर्धं आयुष्य मेंढरं वळली. घाट उतरून कोकणात जायचं आणि पाऊस यायच्या आत परत यायचं. आता मेंढरं नव्हती. विहिरीकडच्या रानात ऊस होता आणि माळाच्या तुकड्यावर हे कोंबड्यांचं शेड. शेडचा सगळा कारभार गिताबाईंकडे होता आणि तो त्या चोख बघायच्या.

त्या दिवशी सकाळीच ऊन चढलं होतं. पंखे दर दहा मिनिटांनी लागत होते. गिताबाईंना वाटलं, आता जरा लवकर लवकर लागू देत. त्यांनी मोबाईलवर दहा खोडला आणि पाच लिहिला. मोबाईलचा कीबोर्ड मराठी, ॲप मराठी, तेव्हा पाचही मराठीच उमटला. ५. त्यांनी 'जतन करा' दाबलं आणि मोबाईल कमरेला खोचून त्या खाद्याची पोती बघायला वळल्या.

पंख्यांचा आवाज एकदम थांबला.

त्यांनी थोडं थांबून पाहिलं. डब्यावरचा लाल दिवा लुकलुकला, पंखे जरासे हलले आणि परत गप झाले. परत दिवा, परत तेच. शेडला दोन्ही बाजूंनी पडदे ओढलेले होते, आत पक्षी पुरे वाढलेले, आणि हवा हलायची थांबली की ते किती वेळ काढतील हे गिताबाईंना ठाऊक होतं. त्या पळाल्या. डब्याशेजारीच हातानं पंखे चालवायचं बटण होतं, ते त्यांनी फिरवलं. पंखे घरघरत चालू झाले.

"आबा, पडदं सोडा!" त्या ओरडल्या.

गेणबा तोवर दोरी सोडायला पोचलेच होते. पडदे खाली आले, वारा आत शिरला. गिताबाईंनी दाराच्या काचेतून आत बघितलं. पक्षी चोच उघडून धापा टाकत होते, पण सगळे उभे होते. एकही आडवा झाला नव्हता. मग त्यांनी कंपनीला फोन लावला.

फोन दबोरानंच उचलला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, एकदा डबा बंद करून परत चालू करून बघता का?"

"केलं की वो म्याडम. दोनदा केलं. उठतो आन् बसतो, उठतो आन् बसतो. हातानं पंखं चालू हायेत, पन मी दिसभर हितं बटनापाशी बसून ऱ्हाऊ का?"

दबोरानं लॅपटॉपवरून डब्याशी जोडायचा प्रयत्न केला. डबा नेटवर्कला लागायच्या आतच परत बंद पडत होता. जाण्यावाचून इलाज नव्हता. डबे बसवायला जाणारा टोनी दौंडचा, त्याला तिकडचे सगळे रस्ते पाठ. बबनराव म्हणाले, "दोघं जा. वायरीचं असंल तर ह्यो बघंल, प्रोग्रॅमचं असंल तर तू बघ." मग टोनीच्या मोटरसायकलवरून तळेगाव ढमढेरे, न्हावरा, पारगावचा भीमेवरचा पूल असं करत ती दोघं ऐन उन्हात खुटबावला पोचली.

शेडच्या दारात चुन्याच्या पाण्याचं घमेलं होतं. त्यात पाय बुडवून ती दोघं आत गेली. डबा बाहेरच्या खोलीत, खाद्याच्या पोत्यांच्या वर टांगलेला होता. टोनीनं वायरी तपासल्या, त्या ठीक होत्या. मग त्यानं लॅपटॉपची केबल डब्याला जोडली आणि दबोरानं डब्यात साठवलेल्या नोंदी उघडल्या.

तिच्या स्वतःच्या शब्दांपुढे तो आकडा होता. 'पंखे दर किती मिनिटांनी: ५'.

तिला आधी हसू आलं आणि मग आपली चूक कळली. ॲपमधला शब्दन् शब्द तिनं तपासला होता, पण तपासताना आकडे आपले लॅपटॉपवरचे, इंग्रजी टाकले होते.

"ताई, हा पाच तुम्ही मराठीत लिहिला?"

"व्हय. समदं मराठीत हाय म्हनल्यावर आकडाच कशाला इंग्रजीत टाकू? चुकलं का काय?"

"तुमचं नाही चुकलं. आमचं चुकलं."

टोनीनं चमकून तिच्याकडे पाहिलं. गिऱ्हाईकापुढे असं एकदम कबूल करायची कंपनीत पद्धत नव्हती. दबोरानं तिकडे लक्ष दिलं नाही.

"ह्या डब्याला फक्त इंग्रजी आकडे वाचता येतात," ती म्हणाली. "मराठी पाच बघितला की त्याला तो आकडाच वाटत नाही. मग तो तिथं शून्य धरतो. पुढं त्याला त्या आकड्यानं भागाकार करायचा असतो, आणि शून्यानं भागायला गेला की प्रोग्रॅम कोसळतो. डबा आपोआप परत चालू होतो, परत तीच नोंद वाचतो, परत कोसळतो."

गिताबाईंनी डब्याकडे बघितलं. "आन् मला इचारायचं न्हाई का त्यानं? म्हनायचं, बाई, हे काय लिवलंय, मला वाचता येईना."

"मुकं हाय ते," गेणबा दारातून म्हणाले.

"मुकं कसलं आबा! त्याच्यातल्या कार्डाचा डाटा संपला की बराबर मेसेज पाठिवतंय."

टोनी मोठ्यानं हसला, दबोराही हसली. तिनं ५ पुसून 5 केला. डबा उठला, आणि ह्या वेळी उठूनच राहिला. गिताबाईंनी चहा केला. तो पिईपर्यंत पंखे दोनदा लागून थांबले, आणि प्रत्येक वेळी सगळ्यांचे कान तिकडे गेले.

कंपनीत परत आल्यावर दबोरानं बबनरावांना सगळं सांगितलं. बबनरावांनी आधी विचारलं, पक्षी किती गेले. एकही नाही, हे ऐकल्यावर ते खुर्चीत टेकून बसले.

"मंग सोपं हाय," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता समद्यांना मेसेज टाका. आकडे फक्त इंग्रजीत टाकावेत. संपला विषय."

"मेसेज टाकते," दबोरा म्हणाली. "पण तेवढ्यानं भागणार नाही सर. माणूस काहीही लिहील. डब्यानं ते आधी तपासून घ्यायला पाहिजे. नाही कळलं तर कळलं नाही म्हणायला पाहिजे. कोसळायला नाही पाहिजे."

"माणसं वाचत्यात गं मेसेज."

टोनीही म्हणाला, "जुना प्रोग्रॅम उघडला तर महिनाभर त्यातच जाशील. सीझन चालू आहे."

दबोरानं मेसेज लिहिला. मेसेज गेला. बऱ्याच जणांनी उत्तरात अंगठ्याची खूण पाठवली.

आणि त्याच आठवड्यात तळेगाव ढमढेरेहून सोपानराव ढमढेरे यांचा फोन आला. डबा उठतोय आणि बसतोय. सोपानरावांनी मराठी आकडा टाकलेला नव्हता. त्यांनी जुना आकडा खोडला, नवा लिहिणार एवढ्यात जावयाचा फोन आला, बोलून झाल्यावर त्यांनी सवयीनं 'जतन करा' दाबलं. आकड्याची जागा रिकामीच राहिली. रिकामं म्हणजे डब्याच्या लेखी पुन्हा शून्य. त्यांचं शेड उघड्या बाजूंचं होतं, पक्षी लहान होते, म्हणून काही बिघडलं नाही. टोनी जाऊन नीट करून आला.

तो परत आला तेव्हा बबनराव दबोराच्या टेबलाशी उभे होते.

"रिकामं सोडू नका, असाबी मेसेज टाकायचा का आता?" ते म्हणाले, आणि मग स्वतःच हसले. "उघड तो प्रोग्रॅम. सीझनचं टोनी बघंल."

दबोराला तेवढंच हवं होतं. तिनं जुना प्रोग्रॅम उघडला आणि पहिले काही दिवस नुसता वाचला. ज्यानं तो लिहिला त्याला डबे चांगले कळत होते, हे तिला वाचताना जाणवलं. फक्त बाहेरून जे येईल ते बरोबरच असणार असं त्यानं धरलं होतं, कारण त्या काळी आकडे तो स्वतःच टाकायचा.

ती एक दिवस मुद्दाम सोपानरावांकडे गेली आणि त्यांच्या ओट्यावर बसून विचारत राहिली. शेड जास्तीत जास्त किती गरम ठेवता? अगदी लहान पिल्लं असतील तेव्हा? पंखे थांबवून ठेवायचे तर किती वेळ थांबवता येतील? सोपानराव आठवून आठवून सांगत होते, मध्येच आत हाक मारून बायकोला विचारत होते. त्यातून कुठला आकडा खरा असू शकतो आणि कुठला शक्यच नाही, त्याची हद्द दबोराच्या मनात पक्की झाली.

मग तिनं लिहायला घेतलं. मोबाईलवरून आलेली कुठलीही गोष्ट डबा आता थेट वापरणार नव्हता. आधी बाजूला ठेवून ती तपासणार. आकडा आहे का, मराठी असो की इंग्रजी? हद्दीत आहे का? पंखे चालू करायचं तापमान हे बंद करायच्या तापमानापेक्षा कमी तर लिहिलेलं नाही? सगळं ठीक असेल तरच नवं लागू करायचं. एक जरी गोष्ट खटकली तरी जुनं चाललंय तेच चालू ठेवायचं आणि मोबाईलवर साध्या मराठीत सांगायचं, कुठं अडलंय आणि काय लिहायला हवं. आणि वीज जाऊन नोंदीच अर्धवट झाल्या, जुनं नवं काहीच धड राहिलं नाही, तर पंखे चालू ठेवून मोबाईलवर हाक मारायची. हे शेवटचं लिहिताना तिच्या डोळ्यांसमोर चोच उघडून उभे असलेले ते पक्षी होते.

तपासायला तिनं एक डबा घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. पंख्याच्या ऐवजी त्याला एक छोटा बल्ब लावला. संध्याकाळी शलमोन फिरून आले तेव्हा ती त्यांना म्हणाली, "पप्पा, ह्या मोबाईलवरून ह्या डब्याला पाडून दाखवा."

"पाडून म्हणजे?"

"काहीही लिहा. वाट्टेल ते. बल्ब विझला की डबा पडला."

शलमोन चष्मा लावून बसले. "आमच्याकडं असंच चालायचं," ते म्हणाले. "न्हावरा फाट्याला माणूस चढायचा आणि म्हणायचा, पुढं द्या. आता पुढं म्हणजे कुठं? काही जण नुसतेच पैसे पुढं करायचे. विचारल्याबिगर मी तिकीट कधी फाडलं नाही."

त्यांनी पहिल्यांदा लिहिलं, 'बरंच'. डब्यानं उत्तर दिलं: 'इथं फक्त आकडा लिहा, जसं ५. तोवर आधीचंच चालू ठेवतो.' बल्ब लागलेलाच. मग त्यांनी लिहिलं 'आमेन'. मग नुसती मोकळी जागा. मग पाचाच्या आधी वजाची खूण. मग अक्षरांत 'पाच'. प्रत्येक वेळी डबा शांतपणे तेच म्हणत राहिला. शलमोनना मजा यायला लागली. त्यांनी मोबाईलमध्ये कुठंतरी जाऊन, फुलांची चित्रं आणि हात जोडलेल्या खुणा असलेला कुणाचा तरी सुप्रभातचा अख्खा मेसेज उचलला आणि तापमानाच्या जागी चिकटवला.

बल्ब विझला.

"विझला का गं?" शलमोन घाबरून म्हणाले. "बिघडलं का काही?"

"पप्पा, पाडलात तुम्ही!" दबोरा खुर्चीतून उठलीच. एवढं लांबलचक काही येईल असं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. आकड्यासाठी ठेवलेल्या जागेत तो मेसेज मावला नव्हता आणि शेजारचं सगळं पुसून गेला होता. तिनं तिथल्या तिथं बसून ते दुरुस्त केलं. शलमोननी तोच मेसेज परत चिकटवला. बल्ब हलला नाही. त्यांना जरा वाईटच वाटलं.

नवा प्रोग्रॅम सगळ्यात आधी कुणाच्या डब्यात घालायचा, हा प्रश्न होता. दबोरानं गिताबाईंना फोन करून सगळं सरळ सांगितलं. नवं आहे, टेबलावर चाललंय, शेडवर अजून चाललेलं नाही. गिताबाई म्हणाल्या, "घाला की. पक्षी आत्ताच इकून झालेत, शेड रिकामं हाय. नवीन बॅच आली तरी मी हाय, बटन हाय." टोनी जाऊन घालून आला. जाताना गिताबाईंनी त्याच्यासमोरच मराठी पाच लिहिला, आणि डब्यानं तो निमूट घेतला.

मे महिन्यात मधेच एके दिवशी दुपारी दबोराचा मोबाईल वाजला. गिताबाईंचं आता म्याडम वगैरे मागे पडलं होतं.

"दबोरा, तुझा डबा शिकला खरं, पन आता माझं ऐकंना गं."

"काय झालं ताई?"

"ऊन लई हाय. पंखं अजाबात थांबाय नकोत मला. म्हनून 'दर किती मिनिटांनी'म्होरं शून्य टाकलं. तर म्हंतो, शून्य चालनार न्हाई, १ ते ६० मधला आकडा लिवा."

"मग एक टाकून बघा ना."

"टाकला की. तरी मधी थांबत्यातच. आगं, मला थांबायलाच नकोत! आता बटन फिरवून हातानं चालवलेत. पन सांजच्याला गार पडल्याव बंद कोन करनार? आबास्नी ते जमत न्हाई, आन् मला यवतला भाचीच्या हळदीला जायचंय."

दबोरानं फोन कानाला लावूनच लॅपटॉपवर ती तपासणी उघडली. शून्यानं भागायचं नाही, म्हणून तिनं शून्य अडवलं होतं. प्रोग्रॅमच्या बाजूनं ते बरोबरच होतं. पण गिताबाईंनी ते चुकून लिहिलं नव्हतं. मधे शून्य मिनिटं थांबा, म्हणजे थांबूच नका. इतकं सरळ होतं ते. डबा कोसळला नाही, हे चांगलं झालं. पण आता तो दारात उभा राहून नुसता नाही म्हणत होता.

"हळदीला किती वाजता निघायचंय?" तिनं विचारलं.

"ऊन उतरलं की निघनार. का?"

"तोवर करते काहीतरी."

टोनी बाजूलाच डबा जोडत बसला होता. त्यानं सुचवलं, ॲपच्या माहितीच्या पानावर लिहून टाकू, सतत चालवायचे असतील तर हातानं बटण वापरा म्हणून. दबोरा म्हणाली, "आणि मग हळदीला तू जाणार का त्यांच्या ऐवजी?"

"जेवण चांगलं असेल तर जातो," टोनी म्हणाला, आणि टेबलावरचा तपासायचा डबा तिच्याकडे सरकवला.

काम फार मोठं नव्हतं. शून्य आला की डब्यानं तो नाकारायचा नाही आणि मुकाट घ्यायचाही नाही. मोबाईलवर विचारायचं: 'पंखे मधे न थांबता चालू ठेवायचे आहेत का?' खाली दोन बटणं, हो आणि नाही. हो म्हटलं तर भागाकाराच्या वाटेलाच जायचं नाही, पंखे सरळ चालू. आणि शेड ठरवलेल्या तापमानाच्या खाली आलं की आपोआप बंद. तिनं ते लिहिलं, टेबलावरच्या डब्यात घातलं, टोनीनं त्यावर बल्ब लावून चालू-बंद करून पाहिलं, सेन्सरवर बर्फाचा तुकडा धरून पाहिला. बल्ब विझायचा तेव्हा विझला. मग तिनं ते नेटवरून खुटबावच्या डब्याला पाठवलं आणि फोन लावला.

"ताई, आता टाका शून्य."

थोडा वेळ नुसती घरघर ऐकू येत होती. मग गिताबाई म्हणाल्या, "इचारतोय गं!" त्यांच्या आवाजात असं काही होतं की टोनीनंही मान वर केली. "न थांबता चालू ठेवायचे हायेत का म्हंतोय. व्हय बाबा, व्हय." आणि बटण दाबल्याचा आवाज आला.

गिताबाई हळदीला गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोबाईलवर फोटो पाठवला. सगळ्या बायका पिवळ्याधमक, आणि मधोमध गिताबाई हिरव्या साडीत.

बबनरावांनी तो फोटो बघितला आणि दबोराला म्हणाले, "हे समद्यांच्या डब्यात घालून टाक." पुढचे दोन आठवडे दबोरा आणि टोनी तेच करत होते. कुणाच्या डब्यात नेटवरून, कुणाच्या डब्यात जाऊन. त्या दोन आठवड्यांत ऊन तसंच तापत राहिलं, आणि उठतोय-बसतोयचा एकही फोन आला नाही. टोनीला चहा प्यायला वेळ मिळायला लागला.

गेणबांचं एक म्हणणं होतं की घरी जेवल्याशिवाय माणसाची ओळख होत नाही. त्यांनी टोनीकडे दोनदा निरोप पाठवला. जूनच्या सुरुवातीच्या एका रविवारी जायचं ठरलं, पण टोनीला दौंडलाच काम निघालं, तेव्हा चर्चमधून आल्यावर दबोरा वडिलांनाच स्कूटरवर मागं बसवून खुटबावला घेऊन गेली.

शलमोन आणि गेणबा ओट्यावर बसले आणि पहिल्या पाच मिनिटांतच त्यांना एकमेकांचा रस्ता सापडला. गेणबा ज्या रस्त्यानं मेंढरं न्यायचे त्याच रस्त्यावर शलमोनची गाडी असायची.

"तुमच्या मेंढरांपायी माझी गाडी किती वेळा उशिरा पोचली," शलमोन म्हणाले.

"मंग ती हारन वाजवनारी गाडी तुमचीच का!"

"हॉर्न ड्रायव्हर वाजवायचा. मी खाली उतरून मेंढरं हाकायचो."

"आन् मेंढरं तुमचं ऐकायची?"

"कुठली ऐकतायत!"

गेणबा खोकला येईपर्यंत हसले. मग कुठला नाला, कुठलं वडाचं झाड, कुठं पाणी चांगलं होतं, असं दोघांचं सुरू झालं ते थांबेना.

आत गिताबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या आणि दबोरा पाटावर बसून त्यांच्याशी बोलत होती. आधीचे पक्षी विकून झाले होते आणि त्या दिवशी पहाटेच नवी पिल्लं आली होती. शेडच्या एका कोपऱ्यात पत्र्याचं गोल कुंपण करून, वर दिवे लावून ती ठेवली होती. मघाशी दबोरानं काचेतून बघितली, पिवळी, एकमेकांच्या अंगावर चढणारी. लहान पिल्लांना ऊब जास्त लागते. गिताबाईंनी तव्यावर भाकरी टाकली, पदराला हात पुसला आणि शेडचं तापमान बदलायला मोबाईल हातात घेतला. तोंडानं हळदीचं चालूच होतं.

"...आन् नवऱ्याची आत्या म्हंती, हळद कमी पडली. आगं, पातेलं भरून कालिवली व्हती मी! कमी कशी पडंल?" बोलता बोलता त्यांनी आकडा लिहून 'जतन करा' दाबलं. मोबाईल बारीक वाजला. डबा काय म्हणतोय ते त्यांनी बघितलं, "तेहेतीसचं तीनशे तीस झालं व्हय," असं पुटपुटल्या, अंगठ्यानं शेवटचा शून्य खोडला, परत दाबलं आणि मोबाईल पिठाच्या डब्यामागे ठेवून दिला. "मंग मी म्हनलं, आत्याबाई, तुमच्या अंगालाच लई लावली, म्हनून संपली."

त्यांनी भाकरी उलटली. ती टम्म फुगली होती. बोटानं दाबून त्यांनी ती दबोराच्या ताटात टाकली आणि ओट्याकडे बघून हाक मारली, "आबा, पावण्यास्नी आत घिऊन या. गरम हाय तवर खावा."

जेवण मटणाचं होतं आणि तिखट होतं. शलमोननी तीन भाकरी खाल्ल्या आणि पाणी पीत पीत चौथी मागितली.

ऊन कलल्यावर ती दोघं निघाली. गेणबा रस्त्यापर्यंत आले, त्यांनी शलमोनच्या हातात वांग्यांची पिशवी दिली. पारगावच्या पुलावर वारा लागला. भीमेत पाणी कमीच होतं, कडेला म्हशी बसल्या होत्या. मागं बसलेल्या शलमोनना पेंग येत असेल असं दबोराला वाटलं, पण ते जागे होते.

"ती बाई मोबाईलवर काय करत होती गं, भाकरी भाजता भाजता?" त्यांनी विचारलं.

"पिल्लांचं तापमान लावत होती."

"लागलं का मग?"

"लागलं," दबोरा म्हणाली, आणि पूल संपल्यावर तिनं स्कूटर न्हावऱ्याच्या रस्त्याला घेतली.